आत्याच्या तारेवरची चाळण

आमच्या आत्याचं डोकं तिच्या इस्त्रीपेक्षा लवकर तापतं. सव्वीस वर्षं लाँड्री चालवतेय, पण एकही कापड जाळलं नाही, हे ती न विचारता सांगते. आणि गेल्या महिन्यात शर्टांची चाळण व्हायला लागली! इस्त्री फिरवली की टाचणीएवढी भोकं. "आत्याबाईंची नजर गेली," म्हणत गिऱ्हाईकं पाठ फिरवू लागली. असंच चाललं असतं तर दुकानाला कुलूपच लागलं असतं.

"नजर गेली म्हणे! अरे, इस्त्रीनं जळलं तर कडा तपकिरी होते. ही बघ, पांढरीफटक!"

भोकं पडायची ती फक्त मागच्या तारेवर वाळलेल्या कपड्यांना. पलीकडे कारखान्याची भिंत, भिंतीवर नळी, नळीच्या सांध्यावर पांढरी भुकटी. आत्या थेट मॅनेजरसाहेबांसमोर. त्यांनी अहवालच दाखवला: हवेत आमचं रसायन आढळलं नाही.

बाहेर पडताना तिथल्या गोदामवाल्या काकांनी गाठलं. "सापडेल कसं, ताई? हवेतला ओलावा लागला की ते संपलंच. त्याची होते वाळूसारखी भुकटी आणि आम्लाची वाफ. वाफ ओल्या कापडात मुरते, आणि गरम इस्त्री लागली की सूत खाते."

"म्हणजे चोरानं मिशी काढलीय, आणि हे मिशीवाल्याला शोधतायत!"

आत्यानं एक चादर फाडली. अर्धी ओली, अर्धी कोरडी, दोन्ही त्याच तारेवर. तीन दिवसांनी इस्त्री घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये हजर. त्यांच्याच टेबलावर इस्त्री फिरवली. कोरडी अर्धी धडधाकट, ओलीची चाळण.

"योगायोग!" साहेब नीट बघायला पुढे वाकले.

"वाकू नका! ही तुमची सुती पँट मागच्या आठवड्यात त्याच तारेवर..."

चर्रर्र.

साहेब खुर्चीत घट्ट बसले. बसल्या बसल्या फोन केला, "तो सांधा बदला. आत्ताच्या आत्ता!" मग खालच्या आवाजात, "आत्याबाई, गुंडाळायला काही द्या हो."

"आधी लिहा. भोकं इस्त्रीची नाहीत. खाली सही, तारीख."

त्यांनी निमूट लिहिलं. आत्यानं कागद दोनदा वाचला.

मग तिनं चादर पुढे केली. चाळण झालेली अर्धी.

"चांगली दुकानात लागेल," म्हणाली.