रिकामी खोकी

"खोकी काढून टाक, उगाच वजन होतं," असं आईला मीच सांगितलं होतं. पुढे जे झालं त्याची सुरुवात या वाक्यात आहे आणि ते वाक्य माझं आहे, हे आधीच सांगून टाकतो. तेव्हा सांगायला मी बराच उशीर लावला होता.

गोळ्या माझ्या होत्या. झोपेच्या. तीन वर्षांपूर्वी मिरजेला गेलो असताना तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिल्या, लागू पडल्या, आणि मग सुटल्याच नाहीत. इथल्या, डब्लिनजवळच्या लिक्सलिपमधली आमची डॉक्टर एका वेळी दहा गोळ्या द्यायची आणि सोबत श्वासाच्या व्यायामाचं एक पत्रक. श्वास मला व्यवस्थित येत होता, अडचण झोपेची होती. म्हणून दर उन्हाळ्यात आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली की वर्षभराचा साठा घेऊन यायची. तीस स्ट्रिपा, तीनशे गोळ्या. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. चिपच्या कारखान्यात माझं काम सूक्ष्म दोष शोधण्याचं आहे, तेव्हा तिथेही कोणाला सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

आई प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. बॅग भरणं ही तिच्या लेखी परीक्षा असते आणि रिकामी जागा म्हणजे चुकलेलं गणित. बुटात मोजे, मोज्यात वेलदोडे, डब्यात डबा. मी खोकी काढायला सांगितल्यावर तिने तीसही स्ट्रिपा बाहेर काढल्या, रबर लावून गठ्ठा केला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्टीलच्या मोठ्या डब्याच्या तळाशी ठेवला आणि वरून पोह्यांचा चिवडा ओतला. चिवडा दबून गोळ्या हलत नाहीत आणि गोळ्यांमुळे डब्याचा तळ वाया जात नाही. यात आपण लपवालपवी करतोय असं तिच्या मनात कणभरही नव्हतं. डब्लिन विमानतळावरच्या कस्टम्सच्या अधिकाऱ्याने चिवड्यात हात घातला तेव्हा त्याला मात्र दुसरं काही सुचण्याचं कारण नव्हतं.

मी बाहेर दोन तास उभा होतो. मग फोन आला तो पोलीस ठाण्यातून. तिथे पोचलो तेव्हा आई बाकावर ताठ बसली होती, पर्स मांडीवर, समोर कागदी कपात न प्यालेला चहा.

"काय सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"माझ्या आहेत म्हटलं."

"सगळ्या?"

"त्या पोलिसानेही हेच विचारलं. मी म्हटलं, आय डोन्ट स्लीप."

माझी आई साडेनऊला झोपते आणि तिचं घोरणं आमच्या शेजारच्या आयरिश कुटुंबालाही ठाऊक आहे. मी तोंड उघडलं. तिने शाळेत बोलणाऱ्या पोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं. त्या बाकावर हे इतक्या सहज झालं की पुढचे दोन आठवडे मी त्याला तिची इच्छा म्हणत राहिलो.

तिच्यावर दोन आरोप होते. नियंत्रित औषध देशात आणणं, आणि ते विकण्यासाठी जवळ बाळगणं. जामिनावर सोडताना पासपोर्ट ठेवून घेतला. वय वर्षं एकाहत्तर, व्यवसाय या रकान्यात हवालदाराने 'निवृत्त' लिहिलं. तिने त्याला 'मुख्याध्यापिका' लिहायला लावलं.

त्याच आठवड्यात वकिलाकडे गेलो. साठीचा, ढगळ स्वेटरचा माणूस, टेबलावर फायलींपेक्षा बिस्किटांचे पुडे जास्त. आईला इंग्रजी कळतं, पण ती म्हणाली, कायद्याचं काम आहे, आपल्या भाषेत बोलू. म्हणून दुभाषा मी.

"विक्रीचा आरोप घालवता येईल," वकील म्हणाला, "या गोळ्या एका माणसाच्या, त्याच्या औषधाच्या, हे दाखवता आलं तर. डॉक्टरांची चिठ्ठी? दुकानाचं बिल? खोक्यांवर दुकानदाराची चिकटपट्टी असते ना, पेशंटच्या नावाची? ती खोकी कुठे आहेत?"

मिरजेच्या आमच्या औषधवाल्याची पद्धत मला ठाऊक होती. तो चिठ्ठीची प्रत घडी करून खोक्यात सरकवतो आणि वर पेनने पेशंटचं नाव घालतो. नाव माझं होतं.

मी आईकडे वळलो. "खोकी कुठे आहेत विचारतोय."

"टाकली म्हणावं."

"आई, तू जन्मात कधी खोकं टाकलंयस?"

"घंटागाडीत टाकली. सांग त्याला."

"तू आतल्या बाजूला याद्या करतेस त्यांच्या. ड्रॉवर भरलाय."

"मी बोलते तेवढंच सांग की रे. पदरचं घालू नकोस."

वकिलाने बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटायच्या आत सफाईने तोंडात घातलं. "बरंच मोठं उत्तर दिसतंय," तो म्हणाला. "काय म्हणतायत?"

"टाकली म्हणतायत."

"ग्रँड," तो म्हणाला. या देशात 'ग्रँड' म्हणजे सगळं छान आहे असंही असतं आणि तुझ्यावर माझा काडीचा विश्वास नाही असंही. मग तो आईकडे न बघता माझ्याशी बोलू लागला. या वयात तुरुंग बहुधा होणार नाही. पण दोषी ठरल्या तर नोंद राहील आणि अमली पदार्थांची नोंद असलेल्या माणसाला पुन्हा व्हिसा देणारा अधिकारी त्याने तरी पाहिलेला नाही. म्हणजे हा त्यांचा इथला शेवटचा उन्हाळा.

याचं मी भाषांतर केलं नाही. करायची गरज नव्हती. आई खिडकीबाहेर बघत होती.

निघताना त्याने मला दारात थांबवलं. "पुढच्या वेळी दुभाषा मी बोलावतो. आणि तुम्हाला काही सांगायचं असलं तर ते मला सांगू नका. मी यांचा वकील आहे, तुमचा नाही. एकदा ऐकलेलं मला विसरता येत नाही, आणि कोर्टापुढे खोटं उभं करता येत नाही. दुसरा कोणी गाठा."

घरी आल्यावर आई ओट्यापाशी उभी राहून कोथिंबीर निवडू लागली. मी म्हटलं, "मी सांगतो त्यांना."

"काय सांगणार?"

"खरं ते."

"तुझा नागरिकत्वाचा अर्ज पडलाय ना तिथे? वर्ष झालं वाट बघतोयस. त्यात विचारत नाहीत, गुन्हा केलाय का म्हणून?"

"विचारतात."

"मग? माझं काय जातंय. पुढच्या वर्षी यायला जमलं नाही तर तुम्ही या मिरजेला."

"आम्ही दर वर्षी येणार नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या काढत राहिली. "तुझी पोरगी फोनवर बोलते की माझ्याशी. तिला कळतं सगळं. बोलते इंग्रजीत, पण कळतं."

नेमकं तेव्हाच बायको हवी ती भाजी न मिळाल्याने बाजारातून परत आली होती आणि दारात उभी होती. किती वेळ, ते मी अजून विचारलेलं नाही.

"कसलं खरं?" ती म्हणाली.

मी सांगितलं. सगळं सांगायला चार मिनिटंही लागली नाहीत, याचं मला नवल वाटलं. तीन वर्षं मी ते एखाद्या ग्रंथासारखं जपलं होतं.

"कुठे ठेवतोस?"

"जुन्या लॅपटॉपच्या बॅगेत."

"किती राहिल्यात?"

"चार."

"आणि पाचव्या दिवशी काय करणार होतास?" ती आईकडे वळली. "आई, खोकी खरंच टाकलीत?"

आई माझ्याशी खोटं बोलू शकते, पोलिसांशीही बोलली. सुनेशी तिचा करार वेगळा आहे. ती म्हणाली, "मला त्यात पाडू नका," आणि गॅस मोठा केला. उत्तर मिळालं होतं.

त्या दिवशी मी तरीही ठाण्यात गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही. माणूस किती दिवस विचार करतोय असं भासवू शकतो याचा मला अंदाज नव्हता. कामावर मी दुसऱ्यांनी केलेल्या चुका मोठ्या करून पडद्यावर पाहायचो आणि संध्याकाळी गाडीत बसून मिरजेच्या शेजारच्या काकूंचा नंबर काढून पुन्हा खिशात ठेवायचो. पाचव्या दिवशी बायकोने डॉक्टरची वेळ घेतली आणि माझ्या ताटाशेजारी कागद ठेवला.

शेवटी फोन केला तो एका शनिवारी सकाळी, आई देवळाच्या मंडळींबरोबर गेली असताना. काकूंकडे आमच्या घराची किल्ली असते.

"ड्रॉवरमध्ये बघू? कोणत्या?"

"ओट्याखालच्या. औषधाची खोकी असतील."

"अगंबाई, असतील काय, सरळ उलगडून गठ्ठा करून ठेवलीयत. दोरा बांधलाय. यावर काहीतरी लिहिलंय… भाजणी, तीळ, मुलीचा फ्रॉक. हे पाठवू?"

"पलीकडची बाजू काकू. त्यावर नाव कोणाचं आहे?"

"तुझंच की. दुसऱ्या कोणाचं असणार? आणि आत चिठ्ठ्याही आहेत डॉक्टरांच्या. का रे, बरं नाही का तुला?"

"नाही," मी म्हटलं. "बरं नाहीये."

सोमवारी मी दुसरी वकील गाठली. तिने मला दोनदा विचारलं की यामुळे तुमच्यावर खटला होऊ शकतो हे समजलंय का, आणि मग माझ्यासोबत ठाण्यात येऊन बसली. मी जबाब दिला. आठ दिवसांनी काकूंचं कुरिअर आलं. वजन वाचवायला काढून ठेवलेली तीस रिकामी खोकी विमानाने आयर्लंडला आली, तीही तातडीच्या दराने.

आईला मी जबाबानंतर सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला न विचारता माझ्या पेपरात उत्तर लिहून आलास."

कोर्ट म्हणजे डब्लिनमधली एक गोल, काचेची इमारत. आत शिरल्यावर एखाद्या महागड्या हॉटेलात आल्यासारखं वाटतं, फक्त पाहुणे खुशीने आलेले नसतात. न्यायाधीशांच्या डोक्यावर भिंतीवर या देशाचं चिन्ह, वीणेसारखं सोनेरी वाद्य होतं, वाजवणारं कोणी नाही असं. एक बॅरिस्टर गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्या सारख्या करत मोबाइलवर घोड्यांच्या शर्यती बघत होता. काळा झगा किती का मोठा असेना, आत माणूस साधाच असतो.

न्यायाधीश बाई आल्या तेव्हा सगळे उभे राहिले. आई बसूनच होती. उद्धटपणा नव्हता तो. चाळीस वर्षं ती वर्गात शिरली की बाकीचे उभे राहत, तिला स्वतः उभं राहायची सवय नव्हती. दुभाषी बाईंनी कोपराने खुणावलं. त्या ॲथलोनच्या विद्यापीठात शिकवायच्या आणि कामाला फार चोख होत्या.

हवालदाराने खोकी पुढे केली. विक्रीचा आरोप मागे घेतला. उरला तो देशात आणण्याचा. आईच्या वकिलाने मला साक्षीला बोलावलं. न्यायाधीश बाईंनी सांगितलं की स्वतःला गोत्यात आणणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याची तुमच्यावर सक्ती नाही. मी म्हटलं, देतो.

"खोकी काढून टाका असं यांना कोणी सांगितलं?"

"मी."

"गोळ्या कोणाच्या?"

"माझ्या."

मागून आईचा आवाज आला, हळू, पण वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "गाढवा, बस खाली."

दुभाषी बाईंनी तेही जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बॅरिस्टरने मोबाइलवरून मान वर केली. न्यायाधीश बाईंनी क्षणभर कागदात बघितलं, बहुधा हसू लपवायला, आणि विचारलं, "आपण शिक्षिका होतात का?"

"मुख्याध्यापिका," आई म्हणाली. हे मात्र इंग्रजीत.

निकाल सांगायला बाईंना एक मिनिट लागलं. आरोप सिद्ध आहे. पण परिस्थिती, वय, आणि फायदा कोणाचा होता हे पाहता दोषी ठरवत नाही. प्रकरण निकालात काढलं. नोंद नाही. मी आईकडे बघितलं. ती दुभाषीचं बोलणं संपेपर्यंत थांबली, जणू इंग्रजीतलं तिने ऐकलंच नव्हतं, आणि मग तिचे खांदे खाली आले. तोपर्यंत ते इतके दिवस वर होते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाहेर पडताना ती हवालदाराकडे गेली. खोकी परत मिळतील का, तिने विचारलं. आतल्या बाजूला याद्या आहेत. तो म्हणाला, पुरावा आहे, आता देता येत नाही. ती म्हणाली, मग निदान भाजणीचं प्रमाण तरी उतरवून घेऊ द्या. त्याने दिलं.

माझं प्रकरण पुढे वेगळं चाललं. दंड झाला, नोंद झाली. नागरिकत्वाचा अर्ज मी स्वतःच मागे घेतला. नकाराचं पत्र ज्या भाषेत येतं ती वाचायची इच्छा नव्हती. झोप अजून तुटक येते. पत्रकातले श्वास मी करतो, कोणी बघत नसताना.

पुढच्या उन्हाळ्यात आईच्या व्हिसाच्या फॉर्मवर 'कधी दोषी ठरला आहात का' या प्रश्नापुढे तिने 'नाही' लिहिलं, आणि व्हिसा मिळाला. विमानतळावर मी तासभर बाहेर उभा होतो. तिच्याबरोबरचे सगळे बाहेर पडले. विमानाचे कर्मचारीही गेले. मी माझ्या वकील बाईंचा नंबर काढून हातात धरला होता.

मग ती आली, ट्रॉली ढकलत, ताठ.

"काय झालं? अडवलं?"

"कोण अडवतंय. मीच लाल दारातून गेले, सामान दाखवायचं असतं त्या. सगळं उघडून दाखवलं त्याला, बी.पी.च्या गोळ्या, खोकी, चिठ्ठ्या. चिवडाही दिला."

"घेतला?"

"नाही रे. नियम आहे म्हणाला." तिने ट्रॉली माझ्याकडे सरकवली. "धर नीट. वजन झालंय."