लेक खेड्यात राहणार म्हणाली, म्हणून आम्ही वाशिमला गेलो

या ब्लॉगवर आजवर मी किल्ले, समुद्र आणि थंड हवेच्या जागांबद्दल लिहिलं. वाशिमला कुणी फिरायला जातं असं मला कधी वाटलं नव्हतं. खरं तर आम्हीही फिरायला गेलो नव्हतो. जानेवारीतल्या एका रविवारी पोहे खाता खाता आमच्या ऋताने सांगितलं, की ती अमोलशी लग्न करणार आहे आणि लग्नानंतर त्याच्या गावी राहणार आहे. सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मॅच चालू असताना टीव्ही बंद केला. आमच्याकडे असं पूर्वी कधी झाल्याचं मला आठवत नाही.

अमोल ऋताचा जुना मित्र, त्याला आम्ही ओळखत होतो. तो पुण्यात शेतकी शिकला, इथेच नोकरीला लागला, आणि वडील वारल्यावर राजीनामा देऊन गावी परतला. घरची हळद, सोयाबीन, हरभरा बघतो. मुलगा चांगला आहे यात वाद नव्हता, पण लग्न ठरलं की तो पुन्हा पुण्याला येईल असं आम्ही मनाशी धरून चाललो होतो. आम्ही राहतो रावेतला, तेराव्या मजल्यावर. शहराची गर्दी नको आणि खेड्याची गैरसोय नको, म्हणून ही जागा आम्ही फार विचार करून घेतली होती. ऋताला मी तेच सांगायला लागले, तर ती म्हणाली, "आई, काम मी घरूनच करते. मग घर कुठे असावं ते मी ठरवीन."

दोन-तीन दिवस घरात नीट बोलणंच झालं नाही. शेवटी सुधीर म्हणाला, नाही म्हणायचं असलं तरी आधी बघून तर येऊ.

तुम्हाला जायचं असेल तर रस्ता सांगते. पुण्याहून भल्या पहाटे निघा, नगरमार्गे संभाजीनगर गाठा आणि तिथून समृद्धी महामार्ग धरा. टोल बऱ्यापैकी आहे, पण मालेगाव कधी आलं ते कळतही नाही. हे वाशिमचं मालेगाव, मालेगाव जहांगीर. फोनवर नकाशा लावताना नीट बघा, आमच्या नकाशाने आधी नाशिककडचं दाखवलं होतं. समृद्धीवर खाण्यापिण्याच्या जागा लांब लांब आहेत, त्यामुळे चहाचा थर्मास आणि डबा बरोबर ठेवा. गाडी नसेल तर पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्स आहेत, आणि एसटीत बायकांना अर्धं तिकीट लागतं. आम्ही तिघं वाशिममध्ये एका साध्या लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ होती, गरम पाणी फक्त सकाळी.

दुसऱ्या दिवशी अमोल मोटरसायकलवरून आम्हाला घ्यायला मालेगावला आला. त्याच्यामागून आम्ही केनवडच्या बाजूला निघालो, मग डांबरी रस्ता सोडून आत वळलो. दोन्ही बाजूंना हरभरा आणि तूर. मी वाटभर मनात यादी करत होते, काय काय खटकलं म्हणून ऋताला सांगायचं त्याची.

घर बघितलं आणि माझी पंचाईत झाली. पक्कं, दुमजली, फरशी लखलखीत, न्हाणीघर आमच्यापेक्षा मोठं. इंटरनेट इतकं चांगलं की सुधीरने तिथे बसून बँकेची दोन कामं उरकली. मात्र गल्लीतली अर्धी घरं बंद होती. काहींच्या दारात काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या. अमोलने सांगितलं, ती माणसं ऊसतोडीला गेलीत, उन्हाळ्यात परततील. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं शिकायला शहरात, आणि मुलांना जेवूखाऊ घालायला आयाही तिकडेच. एवढ्या मोठ्या घरात अमोल आणि त्याची आई विमलताई, दोघंच.

विमलताई माझ्याच वयाच्या असतील. बोलणं कमी, तेही वऱ्हाडी, बायकांनीही 'येतो, जातो' म्हणायचं असं; कामाचा उरक दांडगा. जेवण शेतात होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, वरण आणि वर तुपाची धार. वऱ्हाडात गेलात आणि कुणी रोडग्यांना बोलावलं तर सकाळचा नाश्ता टाळा. सुधीरने तीन रोडगे खाल्ले आणि तिथेच बांधावर आडवा झाला. ऋता आणि अमोल विहिरीकडे गेले.

शेताच्या टोकाला हळद शिजवायचं काम चालू होतं. ते दाखवायला म्हणून विमलताई मला घेऊन गेल्या. कढईतून वाफ येत होती, सगळीकडे ओल्या हळदीचा वास. माणसं दूर आहेत हे बघून त्या थांबल्या.

"ताई, एक सांगतो, राग नका मानू," त्या म्हणाल्या. "पोरगी इथं देऊ नका."

जे सांगायला मी पुण्याहून एवढ्या लांब आले होते, तेच त्या मला सांगत होत्या. मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी चिडले. माझ्या मुलीत काय कमी आहे, असं मी त्यांना विचारलं.

कमी काही नाही, त्या म्हणाल्या. पोरगी सोन्यासारखी आहे, म्हणूनच भीती. ती आली तर अमोल इथेच राहील, कायमचा. त्याला शिकवला तो गावात ठेवायला नाही. तो नोकरी सोडून आला तेव्हा गावाने कौतुक केलं, आणि त्या आत जाऊन रडल्या.

मग त्यांनी जे सांगितलं त्याने मी खरोखर हादरले. ऋताशी जमायच्या आधी अमोलसाठी तीन स्थळं आली होती. तिन्ही मोडली. शेतकऱ्याला मुलगी द्यायला कुणी तयार नाही, असं अमोलला वाटतं. सगळ्या वऱ्हाडात तेच चालू आहे, त्यामुळे त्याला संशय आला नाही. पण ती माणसं तयार होती. प्रत्येक वेळी विमलताईंनीच मुलीच्या आईला बाजूला घेऊन हेच सांगितलं होतं, बहुतेक याच जागी उभं राहून. लग्न जमत नाही म्हटल्यावर कंटाळून तरी शहरात जाईल, ही त्यांची आशा.

"त्याले माहीत नाई. तुमी तुमच्याकडून नाई म्हना," त्या म्हणाल्या, आणि कढईकडे वळल्या.

त्या दिवशी आम्ही लॉजवर परतलो. ऋताने विचारलं, काय म्हणाल्या काकू? मी म्हटलं, हळदीबद्दल बोलत होत्या. मला हवं तेच आयतं माझ्या हातात आलं होतं. नुसतं नाही म्हणायचं होतं, आणि ऋता पुन्हा रावेतला, आमच्या डोळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी अमोलने आम्हाला कारंजा लाडला नेलं. मालेगावहून समृद्धीने सहज जाता येतं. तिथल्या जैन मंदिरातलं लाकडावरचं कोरीवकाम बघायला निदान एक सकाळ हातात ठेवा. आम्हाला घाईत बघावं लागलं, कारण सुधीरला बाजार बघायचा होता. कापसाच्या गाड्या, धान्याचे ढीग, आणि अमोलला हाका मारणारे व्यापारी. सुधीर त्याला भाव कसा ठरतो ते विचारत होता आणि मला दिसत होतं, हा माणूस आता त्याच्या बाजूला गेला.

चहा पिताना अमोल हसत हसत त्याच्या मोडलेल्या स्थळांबद्दल बोलला. दुसरं मोडल्यावर त्याने शहरातल्यासारखे कपडे शिवून घेतले होते. तिसरं मोडल्यावर आरशात बघणं सोडलं. "काकू, मला वाटायला लागलं होतं की आपल्यातच काही खोट आहे," तो म्हणाला. ऋताने हे आधी ऐकलं असावं. तिने फक्त त्याच्या कपात तिचा उरलेला चहा ओतला.

मी कप तसाच ठेवून पैसे द्यायला उठले.

संध्याकाळी गावात परतलो तेव्हा मी सरळ स्वयंपाकघरात गेले. विमलताई भाकरी करत होत्या. मी त्यांना सांगितलं की लग्नाला हो म्हणायचं की नाही ते मला अजून कळत नाही, पण त्या मुलाला खोटं सांगून मी जाणार नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, ती नीट फुगू दिली, उतरवली, हात धुतले आणि ओसरीवर गेल्या.

मी त्यांच्यामागून गेले, बाकी सगळे तिथेच होते. त्यांनी अमोलला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. मग त्याने विचारलं, "काहून?"

"तू शहरात जाशील म्हून."

"मी जावं म्हून, का तुले जाचं होतं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातसुद्धा आला नव्हता. विमलताई पदराशी चाळा करत बसल्या. मग त्या बोलायला लागल्या, आणि मी त्यांना इतकं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. अमोलचे वडील वाशिमच्या दवाखान्यात होते तेव्हा त्या जवळच भाड्याच्या खोलीत राहत होत्या. खिडकीखाली गल्ली होती. सकाळी भाजीची गाडी यायची, दुपारी बायका ओट्यावर बसायच्या, संध्याकाळी दिवे लागायचे आणि लोक नुसतेच फिरायला निघायचे.

"मानूस दवाखान्यात होता, अन् मले ती गल्ली आवडून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "हे कोनाले सांगू? अन् मले कोनं इचारलं कधी?"

अमोल उठून अंगणात गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, आता हा आईशी बोलणं टाकणार. ऋता विमलताईंच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही जा. मी इथे राहते."

विमलताईंनी तिच्याकडे वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, आम्ही पुण्यात बघितलं होतं त्याहूनही जास्त. म्हणाल्या, "अवो, एवढ्या घरात तुमी काय करसान?" ऋता म्हणाली, राहीन. अंगणातून अमोलचा आवाज आला, भाकरी गार होऊन राह्यली. तो रागात होता, पुढेही काही दिवस रागातच होता, ऋताने नंतर सांगितलं. पण त्या दिवशी तो आईच्या ताटाला ताट लावून जेवला.

परतीच्या वाटेवर सुधीरने गाडी चालवली. संभाजीनगरला जेवायला थांबलो तेव्हा मी ऋताला म्हटलं, माझा होकार आहे, पण मला हे अजून पटलेलं नाही. ती म्हणाली, चालेल.

हे लिहायला उशीर झाला, कारण मधे लग्न झालं. साधंच, कारंजाला. ऋता आता गावात राहते. तिच्या मीटिंगमध्ये मागून बैल डुरकतो असं ती सांगते. वीज गेली की तिची चिडचिड होते, ते ती सांगत नाही, मला आवाजावरून कळतं. एकदा तिने रडत फोन केला होता, आणि मी गाडी काढायला निघाले होते. सुधीरने किल्ली दिली नाही. दुसऱ्या दिवशी ती ठीक होती. मी नव्हते.

विमलताईंनी मालेगावात बाजाराच्या रस्त्यावर दोन खोल्या घेतल्या आहेत. अमोल माल घेऊन येतो तेव्हा त्यांच्याकडे जेवतो. नातेवाईक नावं ठेवतात, की सून आली आणि सासू घराबाहेर पडली. कुणाकुणाला सांगणार?

परवा मला फार एकटं वाटत होतं म्हणून मी त्यांना फोन लावला. म्हटलं, दोघी आया बसून जरा बोलू. मागे हॉर्न, कुणाचा तरी मोठा हसण्याचा आवाज, भांडी. मी विचारलं, करमतं का तिकडे? त्या म्हणाल्या, "ताई, मंग बोलतो. खाली बाया वाट पाहून राह्यल्या." आणि फोन ठेवला.