मुक्या लॅपटॉपातला धवळा

अगो पोरी, जवळ ये. तू तिकडं पुण्यात, मी इथं सापगावात, तरी वाचण्यापुरती तरी जवळ सरक. परवा फोनवर किती सहज म्हणालीस, “आजी, लॅपटॉपचा आवाज गेला, आता नवीनच घेते.” असं असतं का गो? एखादं माणूस दोन दिवस बोललं नाही तर त्याला काय घराबाहेर काढायचं? आमच्या आक्कानं हे ऐकलं असतं तर तुझा कानच पिरगाळला असता.

आक्का म्हणजे तुझ्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. तू कडेवर होतीस तेव्हा ती गेली, म्हणून तुला आठवायची नाही. वयानं माझ्या बरोबरीची, त्यामुळे आमच्यात अगं-तुगंच होतं. तिचं सगळं कानात होतं बघ. मोटार असो, मिक्सर असो, आजोबांचा रेडिओ असो, हात लावायच्या आधी ती त्याला कान लावायची आणि डोळे मिटून घ्यायची. आपण काही सांगायला गेलो की म्हणायची, “थांब वैनी, आधी त्याला बोलू दे.” चुलीवरचा भात झाला का, तेसुद्धा ती ओटीवर बसून सांगायची. कधी चुकली नाही असं नाही, पण आपण चुकलो हे कबूल मात्र करायची नाही. “भात आज लबाड आहे,” म्हणायची.

डोळखांबकडच्या आश्रमशाळेत ती शिकवायला होती. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे कुणी विचारलं की ती रेडिओ मोठा करायची. शनिवारी घरी यायची, खांद्याला कापडी पिशवी, आणि पुढं पुढं त्या पिशवीत लॅपटॉप. कुणाचा तरी वापरलेला, पाट्यासारखा जड. त्यात तिनं लिनक्स घातलं होतं, लॅपटॉप चालवायला लागतं ते, फुकट मिळणारं. मासिकासोबत एक सीडी आली होती, ती घालून एका सुट्टीत एकटीनं बसवलं. आजोबा चिडवायचे, “आक्का, फुकटचं म्हणून घेतलंस होय?” ती म्हणाली, “फुकटचं म्हणून नाय रे दादा. आत काय चाललंय ते बघायला देतं, लपवत नाय, म्हणून घेतलं.”

तिची एक रीत होती. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चहा प्यायचा, मग ऐकायचं. “दोन गोष्टी एकदम बदलल्या वैनी, तर कुणामुळं बरं झालं ते कळत नाय.” माझ्या आमटीलाही तोच नियम. मीठ आणि चिंच एकदम घालताना दिसले की हात धरायची. अशानं जेवायला उशीर व्हायचा, पण तिच्याशी भांडायला मजा यायची.

आता खरी गोष्ट सांगते. माझ्या सासूबाई, म्हणजे आक्काची आई, धवळे म्हणायच्या. हळदीच्या वेळी म्हणायचं लांबलचक लग्नाचं गाणं ते. आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं त्यांना. लिहिलेलं कुठं नाही, सगळं तोंडी. एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे भातकापणीला गेलो असताना आक्कानं आईला ओटीवर बसवलं आणि अख्खा धवळा लॅपटॉपात भरून घेतला. घरात दोघीच होत्या. आम्ही भारे घेऊन परतलो तेव्हा दोघींचे डोळे लाल होते. “धुरानं,” आक्का म्हणाली. चूल तर पेटलेली नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात सासूबाईंना झटका आला. हात-पाय सावरले, वाचा गेली ती गेलीच. आणि तुझ्या आईचं, मंदाचं, लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. तिच्या हळदीला आजीचाच धवळा व्हायचा होता. मला नुसतं मागून सूर धरायला यायचं. आक्का म्हणाली, “घाबरू नको. आयेचा आवाज माझ्याकडं आहे. तू त्यावरून शीक.”

तिनं लॅपटॉप उघडला, गाणं लावलं. पडद्यावर हिरव्या रेघा वरखाली नाचायला लागल्या आणि आवाज काहीच नाही.

ती दुपार मला अजून स्वप्नासारखी दिसते. पाऊस थांबलेला, माहुलीच्या डोंगरावर ढग टेकलेले, भातशेती इतकी हिरवी की घरातला उजेडसुद्धा हिरवा. खाटेवर सासूबाई उशीला टेकून बसलेल्या, समोर त्यांचंच गाणं रेघांनी नाचतंय, आणि ते गाणं मुकं, गाणारीही मुकी. रेघ उंच गेली की मला वाटायचं, इथं त्यांनी वरचा सूर लावला असेल. खाली आली की वाटायचं, आता श्वास घेतला. 

मग आक्काचे शनिवार-रविवार त्यातच जायला लागले. पडद्यावर एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात लॅपटॉपला इंग्रजीत हुकूम लिहायचे. आवाजाचे उभे खांब पडद्यावर यायचे, बंद असलेला खांब ती उघडायची, चहा प्यायची, ऐकायची. काही नाही. आजोबा ओटीवरून म्हणायचे, “आक्का, त्याला मिठाच्या गुळण्या करायला सांग.” एरवी ती उलट बोलली असती. आता मान वर न करता पुढचा खांब उघडायची. शहापूरच्या सायबर कॅफेत ते गाणं घेऊन गेली, तर तिथल्या संगणकाला तिच्या लिनक्सची ती फाईल उघडताच येईना. तिथूनच तिनं इंटरनेटवर आपली अडचण लिहून टाकली. पुढच्या खेपेला कुठल्या तरी परक्या देशातल्या माणसाचं उत्तर आलेलं. ते तिनं मला मराठीत सांगितलं. “तो म्हणतो, तुमच्या लॅपटॉपला वाटत असेल, हेडफोन लावलेला आहे. म्हणून तो बाहेर बोलत नसेल. एकदा लावून काढून बघा.”

हेडफोन कुठला आमच्याकडं! शेजारचे भाऊ कसाऱ्याला रेल्वेत कामाला होते, त्यांच्याकडं मोबाईलची गाणी ऐकायचा होता तो मागून आणला. आक्का वायर भोकात घालते तर ती अर्ध्यातच अडायची. तिनं बॅटरी मारून आत बघितलं, मान वर केली, पुन्हा बघितलं आणि जी हसत सुटली!

“वैनी, कणी गो! तांदळाची कणी!”

आपल्याकडं पावसाळ्यात दमट होऊ नये म्हणून काडेपेटी तांदळात, पापड तांदळात, आजोबांच्या रेडिओचे सेलसुद्धा तांदळात. आक्कानं त्याच हिशोबानं पावसाळा लागताच लॅपटॉप तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला होता. त्यातला एक तुकडा नेमका हेडफोनच्या भोकात जाऊन बसला, आणि लॅपटॉपला वाटलं, हेडफोनच लागलाय. “एवढं काळ्या खिडकीत शोधलं, आणि आयेचा आवाज अडवला कुणी? आमच्याच भातानं!” म्हणाली.

लॅपटॉप बंद करून तिनं त्याची बॅटरी काढली. खराट्याच्या हिराला टोकावर डिंक लावला, हलकेच आत टेकवला आणि तसाच धरून राहिली. डिंक धरल्यावर हळूच ओढला. हिराबरोबर कणी बाहेर आली.

पुन्हा गाणं लावलं. आधी खोकल्याचा आवाज. मग बांगड्या. लांब कुठं बैलाची घुंगरं. आणि मग सासूबाईंचा तो जाडाभरडा, उन्हात वाळवल्यासारखा आवाज. खाटेवर त्यांचे ओठ हलायला लागले. मी पदर तोंडाला लावून ऐकत होते. धवळ्यात जिथं नवरीचं नाव घ्यायचं ती जागा आली, आणि सासूबाईंनी नाव घेतलं, वत्सला.

वत्सला म्हणजे आक्का.

मी बघितलं तर ती पाठ फिरवून लॅपटॉपची वायर गुंडाळत होती, उगाचच.

“आक्का, तुझं नाव आलं गो.”

“मी म्हटलेलं आयेला, मंदाचं घाल,” ती तशीच पाठमोरी म्हणाली. “तर म्हणते कशी, मंदाचं तिच्या हळदीला घालीन. आज तुझं होऊ दे. ऐकणारं कुणी नाय, लाजू नको.” मग वायर पिशवीत टाकत म्हणाली, “चल, पुढचं ऐकू दे. तुला शिकायचंय ना?”

मी शिकले. एकेक कडवं, एकेक चहा. तुझ्या आईच्या हळदीला मी धवळा म्हटला, मंदाचं नाव घालून, आणि सासूबाई मांडवात खुर्चीवर बसून मान डोलवत होत्या. आक्का माझ्या शेजारी होती. मी कुठं अडखळले की हळूच कोपर मारायची.

त्यानंतर सासूबाई गेल्या, काही वर्षांनी आक्का गेली, मुरबाडच्या दवाखान्यात, अगदी शांतपणे. तिच्या उशाशी बसून मी तिचं नाव घालून धवळा म्हणत होते. नर्सबाईंना वाटलं, म्हातारी रडतेय. आक्काला कळलं असावं. तिनं डोळे मिटून घेतले होते, कान लावताना मिटायची तसे.

आता मला दम पुरत नाही गो. तुझ्या आईला धवळा अर्धाच येतो. रेकॉर्डिंग पाठव असं म्हणू नकोस, ते मी केव्हाच पाठवलं असतं, पण त्यात नाव दुसरीचं आहे. तुझं लग्न व्हायचं तेव्हा होऊ दे, नाही झालं तरी काही बिघडत नाही. एक दुपार काढून ये. घरात दुसरं कुणी नसेल असं मी बघते. ओटीवर माझ्यासमोर बस, लाजू नको, आणि मी तुझं नाव घालून अख्खा धवळा म्हणते. पण ये गो, लवकर ये.