कमलच्या नाकाशी धरलेला कांदा

अकोल्यात नातीच्या छातीत डॉक्टरांनी मशीन बसवलं. ठोके बिघडले की ते झटका देऊन हृदय ताळ्यावर आणतं. हा आजार घराण्यातून येतो म्हणे. घरी येऊन मी कांदा फोडला अन् त्या वासानं थेट पातूरच्या, माहेरच्या अंगणात गेले.

लग्नाचं डफडं वाजलं तशी माझी धाकटी बहीण कमल दचकून पडली. "मिरगी हाय, उठीन आता," आई म्हणाली. मी तिच्या नाकाशी कांदा धरून हसत होते, "कमे, नाटकं पुरे! भांडे तुलेच घासा लागतीन." आधी दोनदा ती अशीच पडून उठली होती. त्या दिवशी उठली नाही.

सून म्हणते, "आई, ते मिरगी नाही, हेच दुखणं होतं, हे तवा कोणाले ठाव होतं?" खरंच आहे. तरी नात वाचल्याचा आनंद मी मोठ्यानं बोलत नाही. कमलला ऐकू जाईल असं वाटतं.