तीनदा तपासलेला नमुना

रक्तलघवी तपासायच्या त्या छोट्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. ते सगळ्यांचे पुन्हाकाका. नळीवरची चिठ्ठी वाचली तरी पुन्हा वाचायची, आकड्याचा संशय आला की पुन्हा तपासायचं, घरून निघताना कुलूप पुन्हा ओढून बघायचं. "लग्नाच्या कागदावर सही करतानाही यांनी माझं नाव पुन्हा वाचून घेतलं होतं," असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

लॅब तीन खोल्यांची. पुढे बाकडं आणि खिडकी, मधे रक्त काढायची खुर्ची, मागे मशीन, फ्रीज आणि काकांचं टेबल. दहा नळ्यांपैकी आठ रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलमधून यायच्या. म्हणून हॉस्पिटलचं पत्र आलं तेव्हा मागच्या खोलीतलं मशीनसुद्धा गप्प झाल्यासारखं वाटलं. सहा महिन्यांनंतर फक्त मान्यताप्राप्त लॅबचेच रिपोर्ट घेतले जातील, असं त्यात लिहिलं होतं.

"मग घाबरायचं काय? आपल्याकडे आहे की," डॉक्टर म्हणाली. लॅब तिच्या वडिलांची. त्यांच्यामागे ती बघायची. शाळेत असताना ती फ्रीजशेजारच्या स्टुलावर बसून गणितं सोडवायची, आणि काका तिची उत्तरंही पुन्हा तपासायचे. तिने भिंतीवरची फ्रेम काढली आणि काखेत मारून थेट हॉस्पिटलात गेली. अर्ध्या तासाने फ्रेमसकट परत आली.

"काका, हे प्रमाणपत्र आहे म्हणे. त्यांना मान्यता हवी."

"दोन्ही एकच ना?"

"मलाही तसंच वाटत होतं."

डॉक्टरकडून फरक समजून घेतल्यावर त्या संध्याकाळी काकांनी तो बायकोला समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती कणीक मळत होती. "हे बघ, आपल्याला प्रमाणपत्र मिळालंय ते कारभाराचं. कामाची पद्धत लिहून ठेवली आहे का, लिहिल्याप्रमाणे करता का, केलेल्याची नोंद आहे का, एवढंच ते बघून गेले. मान्यतावाले आकडा बघणार. म्हणजे आपण काढलेला आकडा खरा असतो का, तो काढायची आपली लायकी आहे का. तेही सरसकट नाही. एकेका तपासणीची यादी असते, यादीत असेल तेवढ्यालाच मान्यता."

"म्हणजे डब्यांवर चिठ्ठ्या लावल्यात, डबे पुसलेत, याचं तुम्हाला प्रमाणपत्र मिळालंय. जेवण कसं झालंय ते कुणी चाखलेलंच नाही."

"तसंच काहीसं."

"आणि हे जे प्रमाणपत्र वाटत फिरतात, त्यांना कोण तपासतं?"

"त्यांनाही मान्यता घ्यावी लागते. वर एक मंडळ असतं."

"सासूची सासू," ती म्हणाली आणि परात सरकवली. "पण तुम्हाला कसली भीती? चाखू देत की. तुमचा हात काय आजचा आहे?"

काकांनाही तसंच वाटत होतं. हॉस्पिटलचं काम गेलं तर मागच्या खोलीत हाताला काम उरणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण परीक्षा जर हाताचीच असेल तर भ्यायचं कशाला?

अर्ज गेला. त्याआधीच एका बाहेरच्या संस्थेकडून ओळख नसलेले नमुने यायला लागले होते. बाटलीवर फक्त क्रमांक असायचा. आत काय आहे ते संस्थेला ठाऊक, आपण तपासून आकडा कळवायचा. मान्यतेसाठी हे लागतंच. रोजच्या शे-सव्वाशे नळ्यांत काका प्रत्येक तपासणी एकदाच करत, संशय आला तरच दुसऱ्यांदा. पण ही बाटली म्हणजे परक्या घरचा पाहुणा. तिची बडदास्त वेगळीच ठेवायला हवी, असं त्यांच्या मनाने घेतलं. किडनीची तपासणी, क्रिएटिनिन, त्यांनी तीनदा केली. दोन पूर्णांक एक, पुन्हा दोन पूर्णांक एक, मग दोन. तरी समाधान होईना. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये त्यांचा जुना दोस्त होता, त्यालाही तीच बाटली आली होती. काकांनी फोन लावला. त्याचा आकडा आला होता एक पूर्णांक आठ. मग काकांनी सगळ्यांचा मेळ घालून दोन कळवला, आणि तिन्ही आकडे, फोनची वेळ, दोस्ताचा आकडा, सगळं रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहून खाली सही केली. प्रमाणपत्रवाल्यांनी शिकवलंच होतं तसं. जे करता ते लिहा, जे लिहिता ते करा. पुढच्या भेटीत प्रमाणपत्रवाल्यांच्या माणसाने हे पान पाहिलं आणि म्हणाला, नोंद असावी तर अशी.

मान्यता मंडळाकडून आलेल्या बाई पन्नाशीच्या होत्या. कधीकाळी त्यांनीही नळ्या धुतल्या असाव्यात, कारण थेंब मोजायची पिपेट कशी धरली आहे ते त्या लांबूनच बघत होत्या. दोन दिवस त्यांनी काकांचा हात पाहिला. मशीन, पाणी, फ्रीजचं तापमान, सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी रजिस्टर उघडलं. वाचता वाचता थांबल्या आणि बोट तिथेच ठेवून त्यांनी काकांना बोलावलं.

"हे तुमचं अक्षर?"

"हो मॅडम."

"पेशंटचं क्रिएटिनिन तुम्ही तीनदा करता?"

"नाही. एकदाच. अगदीच वेगळं आलं तर दुसऱ्यांदा."

"आणि दुसऱ्या लॅबला फोन करता?"

काकांनी बाईंच्या बोटाखालची ओळ पुन्हा वाचली.

"सर, ही बाटली कशासाठी येते? पेशंटला तुमच्याकडून एरवी जो आकडा मिळतो, तो कसा असतो ते बघायला. पेशंटसारखंच वागवायचं तिला. विचारपूस तर मुळीच करायची नाही. खरं उत्तर दोन पूर्णांक एक होतं. तुमचा पहिलाच आकडा बरोबर होता."

"पण दोनही चालला ना मॅडम? आपण पास झालो होतो."

"चालला. पण तो आकडा तुमच्या लॅबचा नाही. तो तुमचा आणि तुमच्या मित्राचा." त्यांनी चष्मा काढला. "माझ्या मनात काही नाही हो. दोन दिवस बघतेय मी तुमचं काम. पण दिसलेलं न लिहिण्याची मुभा मला नाही, जशी तुम्हालाही नव्हती."

बाई गेल्यावर डॉक्टरने ते पान स्वतःपुढे ओढलं. "काका, लिहिलंत कशाला?"

"केलं, म्हणून लिहिलं."

"अहो, निदान..." पानांवर छापील क्रमांक होते आणि पानाचा फोटो बाईंकडे गेला होता. आणि नसता गेला तरी काकांनी ते पान फाडू दिलं नसतं, हे तिला स्टुलावर बसायची तेव्हापासून ठाऊक होतं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "हात दाखवून अवलक्षण," ती म्हणाली. मग त्यांच्या ताटात वाढता वाढता, हळू आवाजात, "चोरी करणारा सुटला असता, नाही?"

"मी चोरीच केली म्हणे. मला कळली नाही एवढंच."



मंडळाचा निर्णय आला. मान्यता तूर्त नाही. चूक का झाली ते शोधा, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं ते कळवा, नमुन्यांच्या आणखी दोन फेऱ्या नीट पार पाडा, मग बघू. त्याला सात-आठ महिने सहज लागणार होते. डॉक्टर हॉस्पिटलात जाऊन मुदत मागून आली. तिथले अधिकारी चांगले बोलले, चहाही दिला, आणि म्हणाले की नियम आमचाही नाही, वरून आलाय. एक तारखेपासून त्यांच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून मोठ्या रस्त्यावरच्या लॅबची गाडी नेऊ लागली. मागच्या खोलीतूनही, पुढच्या खिडकीपलीकडे, काकांना ती गाडी दिसायची. त्यांचं स्वतःचं काम आता अकरालाच आटोपायचं.

एका दुपारी डॉक्टर मंडळाचा फॉर्म घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, नियमाची माहिती अपुरी. पुढचा, उपायाचा रकाना कोरा होता.

"इथे काय लिहू?"

"जे करणार ते. बाहेरचे नमुने माझ्याकडे देणार नाही, असं लिही."

"नाही लिहिणार. प्रशिक्षण दिलं, असं लिहिते."

"ते लिहिलंसच तर मंडळ विचारेल, त्यानंतर तोच माणूस बसवलात का? एकतीस वर्षांची खोड एका दिवसाच्या प्रशिक्षणाने जाते का? माझी जाणार नाही. ती बाटली समोर आली की माझा हात फोनकडे जाईल, मला ठाऊक आहे."

"मग करणार कोण?"

"नवीन मुलगी घे. तिला एकदाच तपासायला शिकव."

तिने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. दुसरं काही सुचत नव्हतं, आणि फॉर्म शुक्रवारपर्यंत पोचायला हवा होता. शेवटी तिने काकांचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्यापुढे ते वाक्य लिहिलं. काकांनी कागद ओढून घेतला, वाचला आणि सही केली.

"तारीख राहिली," ते म्हणाले. "तारीख नसेल तर परत पाठवतील." आणि आपल्याच हाताने त्यांनी ती घातली.