सरकार पक्षाची खुर्ची

दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंना "कशा आहात?" असं विचारणं लोकांनी केव्हाच सोडलं होतं. जिन्यात गाठून जो तो एकच विचारायचा, "काय, आलं का काही?"

काही म्हणजे निकाल. सरकारी वकिलाच्या जागांसाठी बाईंनी अर्ज भरला, लेखी परीक्षा दिली, मुलाखतही दिली, आणि त्यानंतर सगळं जे चिडीचूप झालं ते झालं. अहो, तोंडावर नाही म्हणा, माणूस रडून मोकळा तरी होतो! पण हो नाही आणि नाहीही नाही, असं भिजत घोंगडं किती दिवस सांभाळायचं? त्यात बाईंचं वय. पुढच्या भरतीला त्यांचा अर्जच घेतला जाणार नव्हता. म्हणजे झालं तर आत्ता, नाहीतर कधीच नाही.

घरात अण्णा, बाईंचे वडील. त्यांनी जन्मभर कोर्टाच्या फाटकाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप केले. लेकीचा फोन वाजला की तिच्याआधी हे उचलणार. परवा कुठल्याशा बँकेच्या मुलीला म्हणाले, "बाळ, कार्ड नको आम्हाला. निकालाचं काय ते सांग." ती बिचारी फोन ठेवून मोकळी झाली. बाईंना हसू आलं.

भरतीच्या कार्यालयात बाई स्वतः फोन करायच्या. तिथल्या कारकुनाला सर्दी कधी झाली आणि कधी बरी झाली, हे त्यांना आवाजावरून कळायचं. उत्तर मात्र तेच. "प्रक्रिया चालू आहे, बाई."

खरी गोम वेगळीच होती. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं होतं, "निवड झाली तर लगेच रुजू व्हाल?" बाई म्हणाल्या, "उद्या म्हणालात तर उद्या." आणि शब्दाला जागायचं म्हणून त्यांनी हातातल्या केसेस हळूहळू दुसऱ्यांना देऊन टाकल्या. नव्या घ्यायच्या बंद केल्या. ज्यांच्या हाताखाली त्या शिकल्या ते म्हातारे वकील चिडले. "बाजारात तुरी! अगं, आधी नेमणूक तर होऊ दे." बाईंनी ऐकलं नाही. ज्याची केस घेतली त्या माणसाला अर्ध्या वाटेत सोडायचं, हे त्यांच्या जिवाला पटत नव्हतं. कोर्टात रोज जायच्या, मागच्या बाकावर बसायच्या, चहा प्यायच्या आणि घरी यायच्या.

अशात एके दिवशी तळमजल्यावरच्या शिंपीणकाकू वर आल्या. बाईंचा मुलाखतीचा काळा कोट त्यांनीच उसवून पुन्हा बेतून दिला होता. गळ्यात टेप तशीच, हातात सुईदोरा तसाच. त्यांच्या नवऱ्याचं, काकांचं, दुकानाच्या मालकाशी वाजलं होतं, शब्दाने शब्द वाढला, मालकाचं डोकं फुटलं आणि काका आत गेले.

"पोरी, तू उभी राहा गं. माझं दुसरं कोण आहे?"

बाईंचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं. "काकू, मी आज केस घेतली आणि उद्या मला याच कोर्टात सरकारी वकील नेमलं, तर काकांना मध्येच सोडावं लागेल. तुम्हाला चांगला वकील देते. माझा मित्रच आहे."

"बरं. तुझं चांगलं होऊ दे," असं म्हणून काकू गेल्या. त्या दिवशी खालून शिवणयंत्राचा आवाज आला नाही.

जामिनाच्या अर्जाची तारीख आली तेव्हा बाई काकूंसोबत गेल्या. मित्र तयारीनिशी उभा राहिला. न्यायाधीशांनी डावीकडे पाहिलं. "सरकार पक्ष?"

सरकार पक्षाची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणीतरी हेल्मेट ठेवलं होतं. आधीचे सरकारी वकील निवृत्त झाले, त्यांच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं, आणि शेजारच्या कोर्टातले एक जण सवड मिळेल तसे येऊन जायचे. त्या दिवशी त्यांना सवड नव्हती.

मित्राने पुष्कळ विनवलं. न्यायाधीश म्हणाले, "त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय जामीन कसा देऊ?" पुढची तारीख पडली. त्या तारखेलाही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. काका आतच राहिले.

बाई मागच्या बाकावरून त्या खुर्चीकडे बघत बसायच्या. जागा चार पावलांवर होती. तिथे बसायचा हुकूम नव्हता, आणि समोरच्या बाजूला उभं राहायला त्यांनीच नकार दिला होता. कायद्याचं एवढं शिकून काय मिळवलं, तर हा बाक! त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, "ती खुर्ची रोज रिकामी का असते गं?"

"भरती व्हायचीय, काकू."

"म्हणजे तुमचीच ना ती? तू जिथे अर्ज केलायस तीच?"

बाईंनी मान हलवली.

 काकूंनी बाईंचा हात धरला. "मग लवकर बस ना तिथे. यांच्या विरोधात बोल, हवं तेवढं बोल, मी एका शब्दाने राग धरणार नाही. पण कुणीतरी उभं राहिलं की निदान ऐकून तरी घेतील. कधी होणार गं तुझं?"

दुसऱ्यांसाठी तास तास बोलणाऱ्या वकीलबाईंच्या तोंडातून निघालं ते एवढंच.

"प्रक्रिया चालू आहे, काकू."