सासूबाईंची लाथ आणि तापलेली वीट

सासूबाईंनी मला लाथ मारावी, अशी विनंती मी स्वतः हात जोडून केली होती.

त्याचं असं झालं. बाहत्तरच्या आसपासची गोष्ट. नुकतंच लग्न झालेलं. बायकोला, सुशीलाला, घेऊन मी पारनेरकडे सासुरवाडीला गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी नागापूरच्या कारखान्यात हजर व्हायचं होतं. मोठ्या खटपटीनं मिळालेली नोकरी! तेवढ्यात अंगणातला दगडी पाटा हलवायचं निघालं.

"ऱ्हाऊ द्या पाव्हणं, गडी यील आता," सासरे म्हणाले.

झालं! शहरालगतच्या भिंगारचा असलो म्हणून मी गडी नाही की काय? वाकलो, पाटा धरला आणि कमरेत कट्ट झालं. पाटा जागेवरच राहिला. मीही!

"उसण भरली," सासऱ्यांनी निकाल दिला.

"उद्या साहेबापुढं असाच ओणवा उभा राहू?" मी रडायचाच बाकी होतो.

आमच्याकडे समज असा, की पायाळू माणसानं (म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्यानं) लाथ मारली की उसण निघते. गावात पायाळू एकच. माझ्या सासूबाई!

"अगं बया! जावयाला लाथ? नरकात बी जागा मिळायची न्हाई मला!"

"मामी, मारा हो! नोकरी जाईल माझी!"

शेवटी तोड निघाली. मधे घोंगडी धरायची. जावई दिसला नाही, की पाप लागत नाही! सुशीलानं घोंगडी धरली. मी पलीकडे ओणवा (दुसरं काही जमतच नव्हतं). मी डगमगतोय असं पाहून सासरे मला सावरायला पुढे झाले. नेमकं तेव्हाच सासूबाईंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि लाथ हाणली.

"मेलो!" हे सासरे ओरडले. आता अंगणात दोघे ओणवे!

"पुरं झालं," हसू आवरत सुशीला म्हणाली. तिनं चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली, आधी स्वतःच्या हाताला लावून पाहिली आणि माझ्या कमरेवर ठेवली. "अंग सैल सोडा. श्वास हळू घ्या. सकाळधरनं नोकरीच्या काळजीनं नुसते ताठलाय तुमी, मग भरंल न्हाई तर काय!"

खरंच होतं ते. तिच्या त्या बोलण्यानंच निम्मी कंबर सुटली. मग तिनं मला उताणं करून गुडघे हळूहळू पोटाशी घ्यायला लावले. संध्याकाळी सुशीलाला माहेरीच ठेवून मी माझ्या पायांनी एसटीत चढलो आणि सकाळी साहेबापुढं सरळ उभा राहिलो.

सासरे मात्र विटेला हात लावू देईनात. "मला पायाळूच पायजे!" आणि सासूबाई म्हणत, "माज्याच लाथंनं भरली, ती माज्याच लाथंनं कशी निघंल?"

ही हकीगत घरी आईला सांगितली, तर ती सहज म्हणाली, "अरे, पायाळू तर तूपण आहेस! पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून बोलले नाही कधी."

नव्या नोकरीत लगेच रजा मागायला गेलो.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"सासऱ्यांना लाथ मारायचीय."

साहेबांनी निमूट सही केली. (त्यांचेही सासरे हयात असावेत.)

सासुरवाडीला पोचलो, तर सासरे ओट्याशी ओणवे होऊन तयारच! मी आधी त्यांच्या पाया पडलो, मग पाय उचलला, आणि माझ्याच कमरेत पुन्हा कट्ट!

सुशीलानं चुलीत दोन विटा टाकल्या.